अठ्ठेचाळीस हप्त्यांची मोटार

मी जव्हारला मास्तर म्हणून गेलो तेव्हा गावात मोटार एकच होती, राजवाड्यातली. ती रस्त्याने गेली की दुकानदार उठून उभे राहत. आत कोणी नसले, ड्रायव्हर तिला नुसता तळ्यावर धुवायला नेत असला, तरीही उभे राहत. हे उभे राहणे माझ्या मेव्हण्यांच्या मनात बसले. मोटार नंतर आली; आधी त्यांना ते दुकानदार हवे होते.

मेव्हणे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते महसूल कचेरीत शिरस्तेदार होते आणि मी त्यांना भावोजी म्हणत असे. माणूस सज्जन. कोणाच्या चार आण्यांना कधी शिवले नाहीत. पण पगडी घातली की चालणे बदलायचे आणि उपरण्याला इस्त्री नसेल तर सुतकी चेहऱ्याने कचेरीत जायचे. माझी खोली त्यांच्या मागच्या आळीत, आणि जेवण दोन्ही वेळा ताईकडे. त्यामुळे ही हकीकत मी बहुतेक पाटावर बसूनच पाहिली आहे.

त्यांना एकच मुलगी होती. तेव्हा दहा वर्षांची. माझ्याच शाळेत शिकत होती आणि हिशेबात इतकी तरबेज की तोंडी गणिते घालताना मी उत्तर आधी पाटीमागे लिहून ठेवत असे, मागाहून माझे चुकू नये म्हणून. जव्हारात मुलींना मराठी इयत्तांच्या पुढे वाट नव्हती. ‘इथली शाळा संपली की तुला नाशिकला आत्याकडे ठेवीन, इंग्रजी शाळेत घालीन,’ असा शब्द भावोजींनी तिला दिला होता. तिने तो ऐकून घेतला होता, आणि ती ऐकलेले विसरणारी मुलगी नव्हती.

दसऱ्याच्या महिनाभर आधी मुंबईच्या एका पेढीचा एजंट मोटार घेऊन वर आला. घाट चढून आल्यामुळे मोटार तापली होती. एजंट मात्र थंड होता. त्याने ओसरीवर दोन कागद मांडले. मोटारीची किंमत चोवीसशे. सहाशे आधी द्यायचे. उरलेले एका वर्षात फेडायचे तर महिना एकशे पासष्ट, आणि चार वर्षांत फेडायचे तर महिना साठ.

भावोजींचा पगार एकशे वीस. त्यांनी पहिला कागद बाजूला सारला आणि दुसऱ्यावर हात ठेवला.

“साठ! अहो, साठ म्हणजे काहीच नाही.”

“तेच म्हणतो, रावसाहेब,” एजंट म्हणाला. “कळणारसुद्धा नाही.”

मी अठ्ठेचाळीस गुणिले साठ करायला लागलो. भाची दाराआडून म्हणाली, “दोन हजार आठशे ऐंशी. आणि आधीचे सहाशे.”

“म्हणजे भावोजी,” मी म्हटले, “तुम्ही जवळजवळ दीड मोटार विकत घेताय आणि चालवणार एकच.”

“मास्तर, तुम्ही सगळी बेरीज एकदम करता. माणसाने महिन्याचा आकडा बघावा.”

“मग दोन-अडीच वर्षे साठवा आणि रोख चोवीसशेत घ्या.”

“आणि तोवर?”

“तोवर चाला. कचेरी तीन मिनिटांवर आहे.”

“दोन दसरे जातील की मधे!”

ताई आतून म्हणाली, “आणि नाशिक?” भावोजी म्हणाले, “तिची शाळा संपायला दोन वर्षे आहेत. तेव्हाचे तेव्हा. साठ रुपयांनी कोणाची शाळा अडत नाही.” एजंटाने करारनामा पुढे केला. त्यावर जामीनदाराची सही लागत होती. चांगले वाचलेले पुष्कळ लोक आयुष्यात एखादे मोठे मूर्खपणाचे काम करतात. मी त्या दिवशी ते केले आणि वर एजंटाला चहा घ्यायचा आग्रहही केला.

करारात दोन कलमे होती. ती मी सही केल्यावर वाचली. एक, शेवटचा हप्ता पोचेपर्यंत मोटार पेढीच्या मालकीची. भावोजी ती फक्त वापरणार. दोन, पेढीच्या लेखी परवानगीशिवाय मोटार जव्हार संस्थानाच्या हद्दीबाहेर न्यायची नाही. संस्थान तेव्हा लहानच. मोखाड्याच्या बाजूला निघालात तर इंजिन नीट तापेपर्यंत इंग्रजी हद्द लागायची. म्हणजे भावोजींना कुठेही जाण्यासाठी वाहन मिळाले होते, फक्त कुठेही जाता येणार नव्हते.

एजंटाने तीन दिवस शिकवले. पुढे नेणे, थांबवणे आणि भोंगा वाजवणे एवढे भावोजींना आले. मागे घेणे आले नाही. ते म्हणत, त्याची गरज पडत नाही.

पहिला दसरा मात्र त्यांनी वसूल केला, हे कबूल केले पाहिजे. संध्याकाळी राजवाड्यात सोने द्यायला संस्थानचे सगळे अंमलदार पायी निघाले. भावोजी पगडी घालून मोटारीत बसले. शेजारी मी, आपट्याच्या पानांची परात मांडीवर घेऊन. मोटार सुरू व्हायला बराच वेळ लागला. मग बाजारातून जायचे म्हणून ते उलट्या दिशेने निघाले आणि तळ्याला वळसा घालून राजवाड्यावर पोचले. तोवर पायी गेलेले लोक सोने देऊन परत येत होते. पण दुकानदार उठले. सगळे नाही, तिघे. त्यातल्या एकाला भावोजी पेट्रोलचे पैसे देणे लागत होते.

पेट्रोलचे डबे खालून बैलगाडीने येत. गाडी आठवड्याने यायची. बैल ज्या दिवशी पोचत त्या दिवशी मोटार चालायची.

मी जामीनदार, त्यामुळे दर महिन्याच्या पाच तारखेला काहीतरी निमित्त काढून पोस्टावरून जात असे. पोस्टमास्तर खिडकीतून मान हलवायचे: मनीऑर्डर गेली. मग मी निर्धास्तपणे पुढे जायचो. महिना साठ ‘कळणार नाहीत’ हे एजंटाचे म्हणणे पहिले तीन महिने खरे होते. चौथ्यात ताईने दूध कमी केले. सहाव्यात भावोजींनी वर्तमानपत्र बंद केले आणि माझे वाचू लागले. हप्ता लहान होता यात वाद नाही. पण तो नेमाने यायचा, आणि त्याला शेवट दिसत नव्हता. ताई म्हणाली, “पाहुणा चार दिवसांचा असला तर पुरणपोळी करते मी. चार वर्षांचा आला तर काय घालू?”

आणि मग पावसाळा आला. ज्यांनी आमचा पठारावरचा पाऊस पाहिला नाही त्यांना एवढेच सांगतो की त्या चार महिन्यांत रस्ते असतात असे फक्त नकाशावर दिसते. मोटार गवताने शाकारलेल्या मांडवात गेली. चाके चिखलात बसू नयेत म्हणून खाली लाकडाचे ओंडके दिले. वर पळसाच्या पानांचे आच्छादन घातले. ती आता हलणार ती दसऱ्यालाच.

हप्ता मात्र जूनमध्ये गेला, जुलैत गेला, ऑगस्टमध्ये गेला. पावसात टपाल घेऊन हलकारा घाट उतरायचा, घोंगडीची खोळ पांघरून, हातातल्या काठीचे घुंगरू वाजवत. पोस्टमास्तर मला म्हणाले, “बघा मास्तर, मोटार घरात बसली आहे आणि तिचा हप्ता पायी मुंबईला निघाला आहे.”

मी ते भावोजींना सांगायला नको होते. त्या दिवसापासून त्यांनी मोटारीत जाऊन बसायला सुरुवात केली. कचेरीतून आले की मांडवात जाऊन मागच्या गादीवर बसत, तिथेच चहा मागवत आणि माझे वर्तमानपत्र वाचत. “दिवसाला दोन रुपये पडतात,” ते म्हणाले, “रिकामी कशी ठेवू?” पुढच्या गादीवर एका कोंबडीने अंडी घालायला सुरुवात केली होती. तिला उठवू नका, असे भाचीने सांगितले, तेवढेच उत्पन्न.

पाऊस संपला तेव्हा रबराची दोन चाके गेलेली होती. नवी आणली. मग दिवा. मग काहीतरी आतले, ज्याचे नाव आम्हांपैकी कोणालाही उच्चारता येत नव्हते. एका वर्षात फेडणाऱ्याची मोटार जुनी होते तेव्हा ती निदान त्याची झालेली असते. भावोजींची मोटार म्हातारी होऊ लागली होती आणि हप्ते अजून बाल्यावस्थेत होते.

थंडीत त्यांना मोखाड्याला एका कामासाठी जायचे होते. पेढीला परवानगीसाठी लिहिले. परवानगी आली, आणि ती खिशात घालून आम्ही दोघे निघालो. पोशेऱ्याच्या अलीकडे एका ओढ्यात मोटार बसली. पाणी घोट्याएवढे, पण खाली रेती होती. भावोजी आतच बसून राहिले. शिरस्तेदाराने धोतर वर खोचलेले कोणी पाहू नये, असे त्यांना वाटत होते. पाहायला होता कोण? वरच्या खाचरात नागली झोडणारा एक म्हातारा आणि त्याची सून.

म्हाताऱ्याने बैल आणले. मोटारीला दोर बांधला. बैल ताणायला लागले तसे भावोजींनी सवयीने भोंगा वाजवला; बैल बिचकून ओढा ओलांडून गेले आणि मोटार त्यांच्यामागे. असे ते एकूण सोपे झाले.

म्हातारा मोटारीभोवती एक फेरी मारून आला. त्याने तिला हात लावला नाही.

“केवढ्याला पडली, रावसाब?”

भावोजी आकडा सांगायला नाखूश होते. “हप्त्यावर आहे,” ते म्हणाले.

“हप्ता म्हंजी? बाजाराचा दिस?”

मी समजावले: थोडे थोडे पैसे, दर महिन्याला.

“किती वरसां?”

“चार.”

म्हाताऱ्याने सुनेकडे पाहिले, मग भावोजींच्या पगडीकडे. “मंग तुमी लग्नगडी!”

सून तोंडाला पदर लावून हसली. भावोजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. आमच्या डोंगरात हा शब्द सगळ्यांना माहीत. लग्नाला पैसे नसले की माणूस सावकाराकडून घेतो आणि ते फिटेपर्यंत त्याच्या घरी राबतो. लग्न एका दिवसात होते. लग्नगड्याचे राबणे किती वर्षे चालेल ते सावकार ठरवतो.

“तसे नाही, बाबा,” मी म्हटले. “हे कागदावर आहे. चार वर्षांनी मोटार यांची होणार.”

“चार वरसांनी? मंग आज कोणाची?”

“पेढीची.”

म्हातारा आता खरोखर चकित झाला. “मी सात वरसां राबलो, रावसाब. पन नवरी पयल्या दिसापासून माझे घरात व्हती. तुमचा सावकार लई हुशार. नवरी बी त्याची, न गडी बी त्याचा.”

तो हे चिडवायला बोलला नाही. त्याला भावोजींची कीव आली होती. त्याने बैल ओढल्याचे पैसेही घेतले नाहीत. ज्या दोघांना एकाच प्रकारची अडचण ठाऊक असते त्यांच्यात पैसे घेत नाहीत, असे काहीसे तो पुटपुटला. सात वर्षांचे त्याने ज्या सहजपणे सांगितले त्यावर मी मोखाडे येईपर्यंत विचार करत होतो. भावोजी वेगळाच विचार करत होते. “हे जव्हारात कोणाला सांगू नका,” ते म्हणाले.

मी कोणाला सांगितले नाही. फक्त ताईला सांगितले, आणि पोस्टमास्तरांना. होळीपर्यंत सगळ्या कचेरीला ठाऊक होते. मोटार दिसली की दुकानदार अजूनही उठत, पण आता हसू लपवायला उठत.

मार्चमध्ये भाचीची परीक्षा झाली. ती पहिली आली. शाळेत आता तिला शिकवण्यासारखे काही उरले नव्हते, हे मी मास्तर म्हणून लेखी कळवले. नाशिकहून आत्याचेही पत्र आले: जूनच्या आरंभी मुलीला पाठवा, राहण्याची सोय झाली, फी आणि पुस्तके आणि वरखर्च मिळून महिना पंचवीसच्या आसपास पडतील. भावोजींनी पत्र वाचून घडी करून खिशात ठेवले. पंचवीस नव्हते. पंधराही नव्हते.

“एक वर्ष थांबू,” ते जेवताना म्हणाले.

“एक वर्षाने हप्ते संपतात?” ताईने विचारले.

“सोळा उरतात,” भाची म्हणाली.

बारा वर्षांच्या मुलीला एक वर्ष थांबवले की त्या काळी पुढे काय होत असे ते पाटावर बसलेल्या चौघांनाही ठाऊक होते. वर्षभरात कोणाचे तरी स्थळ येते. एक येऊनही गेले होते; डहाणूकडचे, मुलाला म्हणे मोटारीची आवड होती.

भावोजींनी मोटार विकायचे ठरवले. गावातला एक लाकडाचा ठेकेदार घ्यायला तयार होता. त्याने तिच्याभोवती फिरून, खाली वाकून, कोंबडीचे पीस उचलून पाहिले आणि नऊशे सांगितले.

“नऊशे? अहो, चोवीसशेची आहे!”

“होती, रावसाहेब.”

हप्ते उरले होते अठ्ठावीस. म्हणजे पेढीला सोळाशे ऐंशी देणे. मोटार विकली तर नऊशे हातात येणार आणि वर सातशे ऐंशी पदरचे घालायचे. विकत घेतलेली वस्तू विकून टाकायला एवढे पैसे लागतात, हे भावोजींना तोवर कोणी सांगितले नव्हते. मीही नाही, मला वाटले होते निदान मोटार तरी आहे. शिवाय ती विकण्याचा त्यांना हक्क नव्हताच. पेढीचे उत्तर नम्र होते: उरलेली सगळी रक्कम एकदम भरल्यास मोटार आपली. सूट मिळत नाही. किंवा मोटार परत करावी. आजवरचे हप्ते आणि आधी भरलेले सहाशे हे भाडे समजले जाईल.

“अठराशे रुपये भाडे!” भावोजी म्हणाले. “अठराशेमध्ये मी मेण्यातून फिरलो असतो. चार भोई ठेवून!”

आठ दिवस ते कागदावर हिशेब मांडत होते. हप्ते चालू ठेवले तर मोटार राहत होती, पण तिला सव्वादोन वर्षे अजून पोसायचे होते, आणि ती तोवर चालेल याची खात्री ठेकेदारालाही नव्हती. परत दिली तर अठराशे पाण्यात. आणि दसरा.

शेवटी मुलीनेच विचारले. मी तिथे होतो. ती भाकरीचा तुकडा मोडत होती.

“अण्णा, मोटार परत दिली तर काय होईल?”

“लोक काय म्हणतील, बाळ?”

“लोक आत्ताच म्हणतायत की.”

ताईने तिला डोळ्यांनी दटावले. भावोजी अचानक हसू लागले. असे हसले की ठसका लागला आणि मला त्यांना पाणी द्यावे लागले. “आयला, तेही खरेच,” ते म्हणाले. असा शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी किंवा नंतर ऐकला नाही.

मेच्या मध्यावर, रस्ते बंद होण्याआधी, पेढीचा ड्रायव्हर आला. त्याने एक एक ओरखडा कागदावर टिपला. भावोजींनी मोटार धुऊन घेतली, तिला हार घातला, नारळ फोडला आणि पगडी घालून ड्रायव्हरला विचारले, “बाजारातून नेणार ना?” ड्रायव्हर म्हणाला, मुंबईचा रस्ता दुसऱ्या बाजूने आहे. “तरीपण,” भावोजी म्हणाले. ते त्याच्या शेजारी बसले आणि एक फेरी मारून वेशीपाशी उतरले. परत येताना सगळा बाजार त्यांना पायी चालताना बघत होता. ते मान ताठ ठेवून, प्रत्येकाला आपणहून नमस्कार करत आले. मी बरोबर होतो. दोघे उठून उभे राहिले. का ते मला सांगता येणार नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघे बैलगाडीने नाशिकला निघालो, मोखाड्यावरून त्र्यंबकच्या वाटेने. गाडीला परवानगी लागली नाही. चढणीवर गाडीवानाने उतरायला सांगितले आणि भावोजी उतरून मागून गाडी लोटू लागले, पगडी काढून मुलीच्या ट्रंकेवर ठेवून. वाटेत पावसाने दोनदा गाठले. मुलगी आत बसून आम्हांला किती कोस राहिले ते मोजून सांगत होती.

शाळेत फीचा कारकून चष्मा लावून बसला होता. त्याने नाव लिहिले, तीन महिन्यांची फी मोजून घेतली आणि पावती फाडून दिली. भावोजींनी ती पुढून वाचली, उलटून मागून पाहिली. मागे काही छापलेले नव्हते.

“पुढचे पैसे?” त्यांनी विचारले.

“पुढच्या तिमाहीचे पुढच्या तिमाहीत.”

“एकूण किती वर्षांचे लिहून द्यावे लागते?”

“काही नाही. शिकेल तोवर भरा.”

“आणि समजा, मधेच काढून न्यावी लागली, तर?”

कारकुनाने चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, हे गृहस्थ ठीक आहेत ना अशा नजरेने.

“घेऊन जा की, साहेब. मुलगी तुमचीच आहे.”

भावोजींनी पावती पुन्हा त्याच्यापुढे सरकवली.

“तेवढे लिहून मिळेल का?” ते म्हणाले.